पाणी कोणासाठी शुद्ध?
(स्मृतिव्याख्यानमाला, धाराशिव)



आजचा विषय आहे ‘नळाचे पाणी आणि मासे’. पत्रिका वाचून काहींनी मला विचारले की, ज्या जिल्ह्यात माणसांना प्यायला पाणी पुरत नाही, तिथे काचेच्या पेटीतल्या माशांची चिंता कशाला? प्रश्न रास्त आहे. पण माझे उत्तर असे आहे की, हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा धाराशिवात अधिक गरजेचा आहे. आपल्या जिल्ह्यात मासे दिवाणखान्यातल्या फिशटँकमध्ये आहेत आणि न्हाणीघराच्या हौदातही आहेत. फिशटँकमधले शोभेसाठी आहेत. हौदातले आपल्या मुलांना डेंग्यू होऊ नये म्हणून आहेत.

हौदातले गप्पी

भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत आपले आठही तालुके पाणी साठवून जगतात. नळाला रोज पाणी येणे हे आपल्याकडे अप्रूप. काही दिवसांआड येते, उन्हाळ्यात त्याहूनही लांबते, आणि अनेक गावांत टँकरच्या वेळेवर दिवसाचे वेळापत्रक ठरते. त्यामुळे प्रत्येक घरी सिमेंटचा हौद, प्लॅस्टिकची बॅरले, गच्चीवरची टाकी आणि जुन्या घरांत रांजण. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस जातीचा डास अंडी घालतो. हवा उबदार असली की अंड्यातून निघालेल्या अळीचा साधारण आठवडाभरात डास होतो. म्हणून आरोग्य विभाग सांगतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. सगळी भांडी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवा. सल्ला अचूक आहे. पण पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसलेल्या घरातली बाई भरलेला हौद ओतून देईल कशी?

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे गप्पी मासा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आला. गॅम्बुशिया नावाचा त्याचा भाऊबंद १९२८ मध्ये इटलीतून आणला गेला. दोन्ही जाती पिल्लांना जन्म देणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या. एक गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असे आरोग्य खात्याची पत्रके सांगतात. म्हणून आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी पैदास केंद्रे आहेत आणि तिथून हे मासे घरोघर, विहिरी-हौदांत जातात.

पुढे काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पाणी सुटते, हौद काठोकाठ भरतो आणि सकाळी मासे पांढरे पोट वर करून तरंगत असतात. जो गप्पी गटाराच्या घाण पाण्यात तग धरतो, तो नळाच्या शुद्ध पाण्यात मरतो. लोक म्हणतात, मासेच नाजूक होते. कोणी म्हणते, पाण्यात काहीतरी विष आहे. गावच्या सार्वजनिक विहिरीत जंतू मारण्यासाठी टीसीएल टाकले की विहिरीतले मासे मरतात, ही तक्रार तर सगळीकडे ऐकू येते. त्यातून पुढचा निष्कर्ष निघतो की, ज्याने मासे मरतात ते पाणी आपण का प्यावे? त्यामुळे काही ठिकाणी टीसीएल टाकायलाच विरोध होतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत गॅस्ट्रोच्या साथीने मोजावी लागते. म्हणून आज या प्रश्नाची नीट उकल करू.

क्लोरीन पाण्यात आला कसा

टीसीएल म्हणजे क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग पावडर. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंट या स्कॉटिश उद्योजकाने कापड शुभ्र करण्यासाठी ती बनवण्याची पद्धत शोधली. पाण्यासाठी ती वापरात यायला शंभर वर्षे लागली. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टन गावात विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा तिथली जलवाहिनी या पावडरीने निर्जंतुक केली गेली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात जॉन लील या डॉक्टरांनी ती कायमस्वरूपी घालायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत ही पद्धत जगभर पसरली आणि पटकी, विषमज्वर यांसारखे रोग शहरांतून ओसरले. गेल्या शतकात ज्या थोड्या गोष्टींनी माणसाचे आयुष्य सर्वांत जास्त वाढवले, त्यात क्लोरीनचे स्थान फार वरचे आहे. त्याच्याविरुद्ध बोलण्यासाठी मी उभा नाही.

गावपातळीवरचे गणित जलसुरक्षकांना पाठ असते. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर १,००० लिटर पाण्याला सुमारे २.५ ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत किंवा टाकीत सोडायची आणि निदान अर्धा तास ते तास पाणी वापरायचे नाही. मग ओटी टेस्ट. नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. भारतीय मानक आयएस १०५०० सांगते की ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन शिल्लक असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तिथे ०.५. हा शिल्लक क्लोरीन वाटेत फुटलेल्या पाइपातून शिरणाऱ्या घाणीचा बंदोबस्त करतो. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड सुटते. मधल्या काळात पाइप रिकामे असतात आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून हा पहारेकरी आपल्याला अधिकच लागतो.

माशाला तो का सोसत नाही

आता दुसरा आकडा पाहा. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने क्लोरीनची मर्यादा ठरवली आहे: अल्पकाळासाठी ०.०१९ आणि सलग काही दिवसांसाठी ०.०११ मिलिग्रॅम प्रतिलिटर. माणसासाठी जे किमान आवश्यक प्रमाण, ते माशाच्या कमाल मर्यादेच्या दहापटीहून जास्त आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण दोन शरीरे पाण्याशी दोन वेगळ्या रीतींनी व्यवहार करतात.

आपण पाणी पितो. ते लाळेत, अन्नात, जठरात मिसळते. तिथल्या सेंद्रिय द्रव्यांशी गाठ पडताच क्लोरीन खर्च होऊन जातो आणि रक्तापर्यंत पोचतच नाही. मासा मात्र पाण्यातून श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांवरून सतत पाणी वाहत असते आणि पाणी व रक्त यांच्यामध्ये पेशींचा एक अतिशय पातळ पडदा असतो. जंतूच्या आवरणाला जाळणारा क्लोरीन हा पडदाही जाळतो. कल्ले सुजतात, त्यांवर चिकट स्राव साचतो, प्राणवायू आत जाणे थांबते. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो-मिटतो, सैरभैर पोहतो आणि गुदमरून मरतो. पाण्यात प्राणवायू पुरेसा असतो. तो घ्यायचे इंद्रियच निकामी झालेले असते.

म्हणून ‘पाणी शुद्ध आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठी शुद्ध, कोणत्या वापरासाठी शुद्ध आणि कोणत्या क्षणी शुद्ध, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

नळाचे पाणी माशांसाठी तयार करणे

सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे पाणी शिळे करणे. रुंद तोंडाच्या बादलीत किंवा टबात पाणी घेऊन ते २४ तास उघडे ठेवावे. मोकळा क्लोरीन हवेत निघून जातो आणि उन्हात तो अधिक वेगाने नष्ट होतो. एअर पंपाची नळी सोडली तर काम आणखी लवकर होते. बंद झाकणाच्या टाकीत किंवा अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये ठेवलेल्या पाण्यातून मात्र तो सावकाश जातो. डास अंडी घालू नयेत म्हणून उघड्या बादलीवर विरळ सुती कापड बांधावे.

घाई असेल तर हायपो. मत्स्यपालनाच्या दुकानात हे रंगहीन, पारदर्शक खडे ‘अँटीक्लोरीन’ म्हणून मिळतात. शास्त्रीय नाव सोडियम थायोसल्फेट. जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये त्याचा चांदीचे क्षार विरघळवण्याचा गुण दाखवला आणि पुढे फोटो स्टुडिओंच्या अंधाऱ्या खोलीत ते घरचेच झाले. क्लोरीनशी त्याची क्रिया काही क्षणांत होते. हिशेब असा: १ मिलिग्रॅम क्लोरीनला ७ मिलिग्रॅम हायपो धरले की पुरते. १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवले, तर १० लिटर नळाच्या पाण्याला या द्रावणाचे ७ ते १० मिलिलिटर भरपूर झाले. त्यातून १ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचा क्लोरीन निघून जातो. द्रावण रंगीत बाटलीत, उन्हापासून दूर ठेवावे आणि अधूनमधून ताजे करावे. टाकल्यावर ओटी टेस्ट करून पाहावी. रंग आला नाही तर पाणी माशांना चालेल. जाडे मीठ टाकल्याने क्लोरीन जात नाही. तुरटीनेही जात नाही. तुरटीने गाळ बसतो, पण पाणी आम्लतेकडे झुकते आणि विरघळलेले ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधते.

इथे धाराशिव शहराची एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. शहराला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणातून पाणी येते. उजनी भीमेवर आहे आणि भीमेच्या खोऱ्यात वर पुणे, पिंपरी-चिंचवड ही महानगरे वसलेली आहेत. त्यांच्या सांडपाण्यामुळे उजनीच्या जलाशयात पोषकद्रव्ये वाढतात, शेवाळ माजते, हे अनेक वर्षांपासून सर्वज्ञात आहे. ज्या कच्च्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य आणि अमोनिया असतो, तिथे क्लोरीन जास्त लागतो आणि त्याचा काही भाग अमोनियाशी जोडला जाऊन क्लोरामाइन तयार होते. क्लोरामाइन पाणी शिळे करून सहजासहजी जात नाही. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटवते. हायपोने त्याचा क्लोरीन निघतो, पण अमोनिया मागे उरतो. तेव्हा पाणी दोन दिवस शिळे करूनही ओटी टेस्टला सावकाश का होईना पिवळेपणा येत असेल, तर क्लोरामाइनचा संशय घ्यावा. अशा वेळी हायपो घालावे आणि उरलेला अमोनिया पचवणारा जुना, मुरलेला फिल्टर असलेल्या फिशटँकमध्येच थोडे-थोडे पाणी बदलावे.

काळ्या पाषाणातले पाणी

ज्यांच्याकडे नळ नाही आणि बोअरचे पाणी आहे, त्यांना क्लोरीनचा प्रश्न नसतो. तिथे पाषाण बोलतो. आपला जिल्हा बालाघाटाच्या रांगांचा, दख्खनच्या बेसाल्टचा. या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येते. म्हणून डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. मानकाप्रमाणे पाण्याचा जडपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. खोल बोअरचे पाणी बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये किंवा वर असते.

जड पाणी सगळ्या माशांना वाईट नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना ते मानवते; मॉली तर अशाच पाण्यात खुलते. गोल्डफिशही जुळवून घेतो. पण ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले डिस्कस आणि निऑन टेट्रा आपल्या बोअरच्या पाण्यात कुढत जगतात. त्यांच्यासाठी लोक आरओचे पाणी विकत आणतात. निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, सामू (पीएच) स्थिर राहत नाही आणि मासे अचानक दगावतात. वापरायचेच असेल तर शिळ्या नळाच्या पाण्यात मिसळून वापरावे. माझे मत स्पष्ट आहे. एक लिटर आरओचे पाणी मिळवताना घरगुती यंत्र एक लिटरहून जास्त पाणी मोरीत सोडते. दुष्काळी जिल्ह्यात शोभेच्या माशासाठी हे करू नये. आपल्या पाण्यात जो मासा सुखाने जगतो, तोच पाळावा.

जड पाण्याचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. तापमान वाढले की आणखी. म्हणजे धाराशिवच्या उन्हाळ्यात, आपल्या क्षारयुक्त पाण्यात, अमोनिया थंड, मऊ पाण्यापेक्षा लवकर घात करतो. त्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे तापलेले पाणी थेट फिशटँकमध्ये सोडले तर दुहेरी आघात होतो. पाणी बदलायचे ते सकाळी आणि दोन्हींचे तापमान सारखे झाल्यावर.

न दिसणारे सोबती

अमोनियाचा बंदोबस्त फिशटँकमध्ये राहणारे जिवाणू करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. ही क्रिया जिवाणूच करतात हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिले. आपल्या शेतातल्या मातीतही हेच जिवाणू नत्राची देवाणघेवाण चालवतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणली त्याच दिवशी दहा मासे सोडू नयेत. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून चोळू नये, कारण नळाचा क्लोरीन या जिवाणूंनाही मारतो. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलक्या हाताने पिळावा.

सगळे पाणी एकदम बदलण्याची सवय सोडा. आठवड्याला पाचवा हिस्सा बदलला तरी पुरे. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असते. तुळस, गुलाब, परसातली कोथिंबीर, सगळ्यांना ते मानवते. पन्नास लिटरच्या टाकीतून आठवड्याला दहा लिटर निघतात आणि ते दहाही लिटर झाडाला जातात. पाणी वाया न घालवता मासे पाळता येतात हे दुष्काळी जिल्ह्याने इतरांना दाखवावे.

हौदाचे दुसरे सत्य

आता गप्पीकडे आणि आपल्या स्वयंपाकघराकडे परत येऊ. शिळ्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून ते माशांना चालते. याचाच दुसरा अर्थ असा की, चार-सहा दिवस हौदात साठवलेल्या पाण्यात आपले रक्षण करणारा क्लोरीनही उरलेला नसतो. गप्पी ज्यात मजेत फिरतात ते पाणी प्यायला सुरक्षित आहे, असे समजणे धोक्याचे आहे. मासे जगतात म्हणजे जंतू नाहीत असे अजिबात नाही. म्हणून घरात पाण्याचे दोन हिस्से करावेत. वापरायचे पाणी हौदात; त्यात गप्पी ठेवावेत. पिण्याचे पाणी झाकलेल्या भांड्यात. त्यात मासे नकोत आणि साठवण लांबली तर मेडिक्लोरचे थेंब टाकावेत किंवा पाणी उकळावे.

हौद भरताना गप्पी वाचवायचे तर एवढेच करावे. तळाशी जास्तीत जास्त जुने पाणी माशांसह राखावे आणि नवे पाणी थोडे-थोडे, बारीक धारेने, उंचावरून सोडावे. पूर्ण भरायचा असेल तर मासे आधी जुन्या पाण्याच्या बादलीत काढून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी परत सोडावेत. विहिरीत टीसीएल टाकायचे असेल तेव्हाही हेच. पिण्याच्या विहिरीत माशांपेक्षा टीसीएलला अग्रक्रम. जी विहीर फक्त वापराची आहे तिथे मासे.

एक विनंती अधिक. गप्पी आणि गॅम्बुशिया तेरणा, बोरी, मांजरा या नद्यांत किंवा तळ्यांत सोडू नका. हे परदेशी मासे स्थानिक माशांची अंडी आणि पिल्ले खातात. हौद आणि टाकी हेच त्यांचे ठिकाण.

मागणे

शेवटी तीन मागण्या करतो.

पहिली आरोग्य यंत्रणेकडे. आशाताई किंवा आरोग्यसेवक गप्पीची पिशवी हातात देतील, तेव्हा नवे पाणी एक दिवस शिळे करण्याची आणि हौद एकदम न भरण्याची सूचनाही द्यावी. मासे फुकट मिळतात. सूचना नसेल तर तेही वाया जातात आणि त्यांच्यावरचा विश्वासही.

दुसरी शाळांकडे. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्यांच्या तपासणी संचात सामू, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि शिल्लक क्लोरीन या चाचण्या असतात. मासे पाळणाऱ्याला हवे ते बहुतेक आकडे या एका पेटीत आहेत. शाळेत एक साधी फिशटँक ठेवा, या महिलांना बोलवा आणि मुलांना दर आठवड्याला नळ, बोअर आणि टाकी या तिन्ही पाण्यांची तपासणी करून आकडे फळ्यावर लिहायला लावा. आपल्या गावच्या पाण्यात काय आहे हे ज्या मुलीने स्वतः मोजले, ती उद्या ग्रामसभेत उभी राहून विचारेल की या महिन्यात ओटी टेस्ट किती दिवस झाली. तो प्रश्न विचारला जाणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

तिसरी तुम्हा सर्वांकडे. टीसीएलला विरोध करू नका. मासे मरतात म्हणून पाणी वाईट आणि मासे जगतात म्हणून पाणी चांगले, ही दोन्ही मते सोडून द्या. माणसाच्या पाण्यात क्लोरीन असू द्या, माशाच्या पाण्यातून तो काढा आणि दोन्ही वेळा ओटीच्या थेंबांनी खात्री करून घ्या. यासाठी लागणारी बाटली तुमच्या ग्रामपंचायतीत आहे. उद्या सकाळी जाऊन ती मागा.